बदली ड्रायव्हर

“अरे, पण हे दोघं झोपतात कधी?”

मास्तर हे जरा मोठ्यानेच बोलले. पुढच्या रांगेतली तीन डोकी मागे वळली. पडद्यावर दोन मित्र एका जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी शेजारी बसून गाणं म्हणत होते आणि दोघांच्या मधे खाण्याने शिगोशीग भरलेली एक परात होती.

“आजोबा, हळू बोला ना,” नातीने त्यांच्या दंडाला हात लावला.

“नाही, मी काय म्हणतो, तीन दिवस झाले हे निघालेत. दोघंही जागे. दोघंही दात काढतायत. हा बघ, आता हा एवढं चापून जेवला आणि बसला चाकावर! पहिल्याच वळणावर झोप लागेल लेकाला.”

“अहो, सिनेमा आहे तो,” नातीच्या पलीकडून मास्तरांच्या बायकोने दटावलं. “लागायची असेल तर लागेल. तुम्ही गप्प बसा.”

मास्तर गप्प बसले, म्हणजे आवाज खाली आणून पुटपुटत राहिले.

लोक त्यांना मास्तर म्हणत असले, तरी आयुष्यात त्यांनी कधी खडू हातात धरला नव्हता. सदतीस वर्षं त्यांनी मालाचे ट्रक चालवले. वेळेचा काटेकोरपणा, चुकलं की जागच्या जागी झाडणं, आणि झाडून झाल्यावर तेच पुन्हा नीट समजावून सांगणं, या तीन गुणांवर डेपोतल्या लोकांनी त्यांना ही पदवी बहाल केली होती. ती पुढे घरापर्यंत आली. रागावली की बायकोसुद्धा “अहो मास्तर” म्हणायची.

त्यांच्या डाव्या हाताला बसला होता तो पाहुणा. त्याच्या नावाची गोष्ट याहून सोपी. मास्तरांचा जोडीदार ड्रायव्हर आजारी पडला, तेव्हा कंपनीने एका खेपेपुरता हा माणूस दिला होता. “एका खेपेचा पाहुणा आहे, सांभाळून घ्या,” असं डेपोचा मुकादम म्हणाला. ती खेप बावीस वर्षं चालली.

लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असत. एक चालवायचा, दुसरा सीटमागच्या फळीवर झोपायचा. सहा तासांनी गाडी कडेला लागायची. ज्याची पाळी संपली तो खाली उतरून पंपाचा स्टोव्ह पेटवायचा आणि एका पातेल्यात बटाटे, कांदे, असलीच तर अंडी, हाताला लागेल ते शिजवायचा. चाकावर बसणारा अर्धपोटी खायचा, कारण भरल्या पोटी डोळे जड होतात. उरलेलं सगळं झोपायला निघालेल्याने संपवायचं. बावीस वर्षांची दोस्ती ही अशी पातेल्याभोवतीच्या अर्ध्या अर्ध्या तासांत झालेली. एरवी एक जागा असायचा आणि दुसरा घोरत असायचा.

मास्तरांना चाकावर बडबडायची सवय होती. समोरच्या गाडीला शिव्या, खड्ड्याला शिव्या, ढग आले तर ढगालाही. पहिल्या खेपेला मागच्या फळीवरून पाहुण्याने अदबीने विचारलं होतं, “मास्तर, माझ्याशी बोलताय का?”

“तुझ्याशी कशाला बोलू? झोप तू.”

आता त्याच पाहुण्याला मास्तर कोण ते कळत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली आणि आधीच विरत चाललेली आठवण भराभर उसवली. मास्तर रोज संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून त्याच्याकडे जायचे. पाहुणा खुर्चीतून उठायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, “या साहेब, बसा. कोणाकडे आला होता आपण?” ज्या माणसाच्या कुशीवर वळण्याच्या आवाजावरून आपण किती वाजले ते सांगू शकायचो, त्याच्या तोंडून ‘साहेब’ ऐकलं की मास्तर फार वेळ बसू शकायचे नाहीत.

त्यात पाहुण्याची झोप उडाली होती. अंथरुणावर पडायचा आणि तासाभरात उठून दार उघडायला जायचा. गाडी कुठे लावली आहे, ते बघायला. दोनदा रस्त्यावर सापडला. सून आणि मुलगा पाळीपाळीने जागून जागून अर्धे झाले. शेवटी चार तासांच्या अंतरावर एक संस्था होती, जिथे अशा माणसांना नर्सेस सांभाळतात, तिथे त्याला ठेवायचं ठरलं. सोमवारी न्यायचं होतं. मास्तरांना हे कळलं त्या दिवसापासून ते सुनेशी तुटक बोलत होते. काय करायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं, पण राग कोणावर तरी काढायला हवा होता.

त्याच आठवड्यात हा सिनेमा लागला. दोन ट्रकवाले मित्र गावोगाव खात फिरतात, भांडतात, पुन्हा एका ताटात जेवतात. त्यावरून सगळ्या वस्तीत दोन तट पडले होते. केस कापणारा म्हणे हसून हसून रडला. औषधाच्या दुकानदाराने मध्यंतरातच घर गाठलं. पेपरातल्या परीक्षणाने अडीच तारे दिले होते, म्हणजे धड पास नाही आणि धड नापासही नाही. नात मात्र पाहून आली होती आणि म्हणाली, “आजोबा, अगदी तुमचीच गोष्ट आहे! तुम्ही दोघांनी बघायलाच हवा.”

मास्तरांच्या मनाने ते धरून ठेवलं. ट्रक दिसेल, रस्ता दिसेल, पातेलं दिसेल. काहीतरी हलेल आत. सोमवारच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्याने आपल्याला ‘मास्तर’ म्हणावं. बाकी काही नको होतं त्यांना. म्हणून शनिवारी दुपारी ते दोघं, मास्तरांची बायको, नात आणि पाहुण्याची सून अशी पाच जणांची वरात थिएटरात येऊन बसली होती.

सुरुवातीला पाहुण्याने पडद्याकडे पाहून “छान आहे, छान आहे” केलं. परक्याच्या घरी चहा प्यायल्यावर म्हणतात तसं. मग तो गप्प झाला. मास्तरांना वाटलं, रमला. पडद्यावर ट्रकचं इंजीन घरघरत होतं आणि इकडे मास्तरांची पुटपुट चालू होती. “चढावर तिसरा गिअर? वा रे वा... कपडे बघा याचे, आत्ता इस्त्री केल्यासारखे... अरे मूर्खा, वळणावर हॉर्न दे...”

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. घाटात दरड कोसळते, गाडी अडकते आणि दोघं मित्र रस्त्याच्या कडेला शेकोटी करून बटाटे भाजतात. मास्तरांच्या अंगावर काटा आला. तेही असेच अडकले होते, दोन दिवस. पाहुण्याने तेव्हा मीठ संपलं म्हणून मालातलं खारवलेलं कातडं चाटून बघायची तयारी दाखवली होती आणि ते हसून हसून रस्त्यावर बसले होते. आठवायचं असेल तर हे आठवेल. त्यांनी उत्साहाने शेजारी वळून पाहिलं.

पाहुणा गाढ झोपला होता. मान मागे, तोंड उघडं.

“अरे, ऊठ! ऊठ, हे बघ तरी!” मास्तरांनी त्याला गदगदा हलवलं.

पाहुणा ताडकन उभा राहिला. डोळे चोळत त्याने खाली वाकून हाताने काहीतरी चाचपलं. “किती राहिलं? बूट कुठंयत माझे?” आणि मास्तरांच्या गुडघ्यावरून पाय टाकून त्यांच्या खुर्चीत घुसायला लागला.

“ओ काका, खाली बसा!” मागून कोणीतरी ओरडलं. पडद्याच्या उजेडात पाहुण्याचं डोकं नायकाच्या तोंडावर आलं होतं. सून घाबरून उठली. नातीने शर्ट धरला.

मास्तरांच्या तोंडून, विचार करायच्या आधीच, शब्द गेले. “अजून वेळ आहे. नाक्यावर उठवतो. पड तू.”

“बरं,” पाहुणा म्हणाला. बसला, मान मागे टाकली आणि दोन मिनिटांत घोरायला लागला.

सगळं थिएटर पुन्हा बटाट्यांच्या विनोदावर हसू लागलं. मास्तरांना मात्र पुढचं काही दिसलं नाही. एवढा खटाटोप करून आणलं आणि हा झोपला. उठवलं तेव्हाही नाव घेतलं नाही त्याने. आपण म्हातारपणी असला पोरकटपणा केलाच कशाला, असं म्हणत ते स्वतःवर, सिनेमावर आणि दिग्दर्शकाच्या सात पिढ्यांवर शेवटपर्यंत पुटपुटत राहिले.

थिएटरसमोर एक साधं उपाहारगृह होतं. तिथे टेबलाशी बसल्या बसल्या मास्तरांच्या बायकोने निकाल दिला. “सहा गावं फिरले, सहा ठिकाणी जेवले. एकाने तरी पातेलं घासलं का? मी शेवटपर्यंत वाट बघितली.”

“आजी, तुला बघायचं काय होतं आणि तू बघितलंस काय!” नात वैतागली. “मैत्री बघ ना. किती गोड आहेत दोघं. माझं दुसऱ्यांदाही पोट दुखलं हसून.”

“मैत्री खोटी नव्हती,” मास्तर कबूल केल्यासारखे म्हणाले. “पण ड्रायव्हिंग सगळं खोटं. बावीस वर्षांत आम्ही दोघं एवढा वेळ एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो तर एकमेकांचा जीव घेतला असता.”

पाहुण्याची सून टेबलाकडे बघत म्हणाली, “मला तर रागच आला, काका. त्याची बायको फोनवर विचारते, कधी येताय, आणि सगळे हसतात. त्यात हसण्यासारखं काय होतं? ती घरात एकटी सगळं निस्तरतेय आणि हे खात फिरतायत.”

मास्तरांना वाटलं, हा टोमणा आपल्याला आहे. बोलायला त्यांनी तोंड उघडलंही, पण ती पुढे म्हणाली, “पण खरं सांगू? अर्धा सिनेमा मी बघितलाच नाही. मी बाबांकडे बघत होते. चार महिन्यांत ते एवढा वेळ सलग झोपलेले मी पाहिले नाहीत. डॉक्टरांच्या गोळीनेसुद्धा नाही.”

तेवढ्यात मागवलेलं आलं. सगळ्यांनी पाहुण्याकडे पाहिलं. झोप झाल्यामुळे त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. त्याने भराभर, भुकेल्या माणसासारखं खाल्लं आणि बरोबर अर्ध्यावर थांबला. उरलेली बशी त्याने मास्तरांच्या पुढे सरकवली. मग हात पुसून दाराबाहेर उभ्या गाड्यांकडे बघत बसला.

“हे बघा,” सून म्हणाली आणि तिचा आवाज एकदम चिरका झाला. “घरीही रोज हेच. अर्धं खातात आणि ताट बाजूला सारतात. सासूबाई गेल्यापासून. मी सगळं करून बघितलं, काका. कमी तिखट, जास्त मीठ, मऊ, कुरकुरीत. माझ्या हातचं त्यांना जातच नाही.”

मास्तर समोरच्या अर्ध्या बशीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती बशी हळूच स्वतःकडे ओढली.

“तुझ्या हाताला काही झालेलं नाही, बाळ,” ते म्हणाले. “तो ड्युटीवर आहे.”

“म्हणजे?”

“चाकावर बसायचं असलं की आम्ही अर्धंच खायचो. झोप येऊ नये म्हणून. तो रोज तुझ्या घरी जेवतो आणि त्याला वाटतं, आता आपली पाळी. मग झोपणार कसा? गाडी बघायला उठतो तो त्यासाठी. चार महिने हा माणूस चाकावर बसलाय. बदली ड्रायव्हर आलाच नाही त्याचा.”

सुनेने तोंडावर हात धरला. तिला रडूही येत होतं आणि कसलं तरी ओझं उतरल्यासारखंही दिसत होतं. मास्तरांच्या बायकोने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“पण मग थिएटरात कसे झोपले?” नातीने विचारलं.

“इंजिनाचा आवाज होता,” मास्तर म्हणाले.

“इंजीन आमच्या रस्त्यावरही दिवसभर असतं,” सून डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही बडबडत होतात, काका. तुम्ही मध्यंतरात बाहेर गेलात तेव्हा त्यांची चुळबुळ सुरू झाली होती. परत येऊन तुम्ही तिकीटवाल्याला नावं ठेवायला लागलात, तसे पुन्हा झोपले.” ती थोडी थांबली. “सासूबाईंचंही तसंच होतं. डोळा लागेपर्यंत त्यांची टकळी चालू असायची.”

“घ्या!” मास्तरांची बायको म्हणाली. “त्याच बडबडीपायी मला पन्नास वर्षं झोप नाही.”

सगळे हसले. पाहुणाही, सगळे हसले म्हणून हसला. मास्तरांना मात्र हसता हसता जाणवलं की गेले कित्येक दिवस आपण या मुलीवर उगाच डूख धरून होतो. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिली.

“आमच्याकडे राहू दे त्याला,” ते एकदम म्हणाले. “मी बडबडेन.”

उत्तर बायकोनेच दिलं, पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. “माझ्याही मनात आलं होतं. पण परवा भावोजी आपल्याकडे आले होते आणि फाटकातून बाहेर पडले, तेव्हा तुम्हाला चपला सापडेपर्यंत ते चौकात पोचले होते. गुडघे कुठून आणणार तुम्ही?”

मास्तरांनी मान हलवली. गाडी चढ चढणार नाही हे ड्रायव्हरला गाडीच्या आधी कळतं.

“काका, मी हौसेने नाही पाठवत,” सून म्हणाली.

“माहीत आहे गं मला. खरंच माहीत आहे.” त्यांनी त्या अर्ध्या बशीतलं सगळं संपवलं. “सोमवारी कसं नेणार आहात?”

“गोळी देऊन. मागच्या वेळी चालत्या गाडीचं दार उघडलं होतं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, गुंगीतच न्या.”

“गोळी राहू दे. मी येतो बरोबर.”

सोमवारी सकाळी पाहुण्याचा मुलगा गाडी चालवायला बसला, सून त्याच्या शेजारी, आणि मागे हे दोघं. सून पायाशी एक पिशवी घेऊन बसली होती. तिच्यात चार शर्ट, दाढीचं सामान आणि पाहुण्याच्या बायकोचा फोटो. गाडी वस्तीबाहेर पडायच्या आत मास्तरांनी काम सुरू केलं. “हा बघा, आत्तापासून ब्रेकवर पाय... टायरमध्ये हवा कमी आहे, मी सांगतो... हा टेम्पोवाला बापाच्या रस्त्यावर आल्यासारखा...”

मुलाचे कान लाल झाले, पण त्याने आरशातून मागे पाहिलं आणि गाडी चालवत राहिला. पाहुण्याची मान कलंडली होती.

तीन तास मास्तर बोलले. रस्ता संपला, टायर संपले, मग त्यांनी पुन्हा एकदा सिनेमाची साल काढली. तेही संपलं तेव्हा जुन्या खेपा काढल्या. कुठल्या नाक्यावर कोण शिपाई होता, कुठल्या उतारावर ब्रेक गेले होते, पाहुण्याच्या मुलाचा जन्म झाल्याची बातमी त्यांना कुठल्या धाब्यावरच्या फोनवर कळली होती. पुढे बसलेला तो मुलगा हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्या दिवशी पाहुण्याची पाळी मास्तरांनीच चालवली होती, बारा तास, कारण बापाचे हात आनंदाने थरथरत होते. हे सांगता सांगता त्यांचा घसा बसला. आदल्या रात्री त्यांचा स्वतःचा डोळा लागला नव्हता. बाहेर मोकळी शेतं मागे जात होती. चुकून ते गप्प झाले.

पाहुण्याने डोळे उघडले.

सुनेचा हात पटकन मागच्या दाराच्या कडीकडे गेला. पण पाहुणा दाराकडे वळला नाही. त्याने काचेतून रस्ता पाहिला, मग मास्तरांच्या तोंडाकडे, नीट निरखून पाहिलं.

“किती झालं?” त्याने विचारलं.

“तीन तास.”

“डोळे लाल झालेत तुमचे.”

मास्तर वाट बघत राहिले. पाहुण्याचे ओठ हलले, जणू काही एक शब्द तो शोधत होता आणि तो फळीखाली कुठेतरी गेला होता. मग त्याने शोधणं सोडून दिलं. मांडीवरची शाल काढली आणि मास्तरांच्या गुडघ्यांवर पसरली.

“पडा आता,” तो म्हणाला. “मी आहे.”

मास्तरांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. शेजारी पाहुणा ताठ बसल्याचं त्यांना कळलं. तो पुढे वाकला आणि दबक्या आवाजात मुलाला म्हणाला, “जरा हळू घ्या. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”

“हो बाबा,” मुलगा म्हणाला. “हळूच घेतो.”

गाडी सावकाश चालत राहिली. मग ती वळली, खडीवरून गेली, एक लोखंडी फाटक उघडल्याचा आवाज झाला, कोणीतरी इंजीन बंद केलं. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. शेजारच्याने खांद्याला हात लावून उठवायची वाट बघत ते तसेच पडून राहिले.